बेलवंडचा पांढरा चौकोन

“पुन्हा मेला,” मी म्हणालो.

देवरुखकर मॅडमनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. “कुठल्या मशीनवरचा?”

“सहाव्या. त्याआधी दुसऱ्या मशीनवरचा मेला, त्याच्याही आधी नवव्या.”

“म्हणजे मशीनचा दोष नाही.”

“नाही. तुकडा तोच आहे, बेलवंडचा.”

“मग आता तो तुकडा कोणालाच मिळणार नाही. बघ, मुकादम बाजूला काढतोय का.”

मी बघत राहिलो. क्षणभरानं पडद्यावर ओळ उमटली. बेलवंडचा तुकडा बाजूला काढला होता, आणि बाकीची कामं जणू काही झालंच नाही अशी पुढे सरकत होती. मॅडमनी तेव्हा कुठे मान वर केली आणि समाधानानं हुंकार दिला. आमच्या मागे खुर्चीत बसलेले खिलारे साहेब मात्र दचकले होते.

“कोण मेलं?” त्यांनी विचारलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षी सोनांबी नदीच्या खोऱ्यात पावसानं ठाण मांडलं होतं. धरण काठोकाठ आलं होतं आणि दुपारनंतर दरवाजे उचलावे लागणार हे ठरल्यातच जमा होतं. त्याआधी खालच्या अंगाची कुठली गावं उठवायची, एवढंच ठरायचं होतं, आणि ते सांगण्याचं काम आमच्या संस्थेकडे आलं होतं. संस्था पुण्यात, नदीपासून कोसो दूर, टेकडीच्या पायथ्याशी. खिलारे साहेब पाटबंधाऱ्याचे कार्यकारी अभियंता. नकाशा तयार झाला की तिथूनच जिल्ह्याला कळवायचं म्हणून ते सकाळीच आमच्याकडे येऊन बसले होते. पँटच्या पायांवर धरणावरचा चिखल तसाच वाळलेला.

“माणूस नाही मेला साहेब,” मॅडम हसून म्हणाल्या. “प्रोग्रॅम मेला. अन्वर, सांग त्यांना.”

अन्वर म्हणजे मी. अन्वर शिकलगार, मूळचा मिरजेचा. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मी सांगितलं ते असं. अख्ख्या खोऱ्याचं गणित एका मशीनला झेपत नाही. म्हणून खोऱ्याचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि ढीगभर छोटे प्रोग्रॅम एकाच वेळी कामाला लावायचे. एकेकानं एकेक तुकडा उचलायचा, तिथं पाणी कुठवर चढेल ते काढायचं, उत्तर द्यायचं आणि पुढचा तुकडा मागायचा. या छोट्या प्रोग्रॅमना आमच्याकडे गडी म्हणत, आणि त्यांना काम वाटून देणाऱ्या मोठ्या प्रोग्रॅमला मुकादम.

“आणि गडी मरतो म्हणजे?”

“म्हणजे काम करता करता बंद पडतो. मेमरी संपते, वीज जाते, गणितच भरकटतं. कारणं पुष्कळ असतात.”

मी यायच्या आधी तिथं जो मुकादम होता तो भोळा होता म्हणे. गड्याला काम द्यायचा आणि वाट बघत बसायचा. गडी मेला तरी हा आपला दाराकडे डोळे लावून बसलेला. बाकी सगळ्यांची कामं उरकलेली, एक उत्तर यायचं राहिलेलं, आणि अख्खं गणित खोळंबलेलं. मग कोणीतरी कंटाळून सगळंच बंद करायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. मॅडमनी हा मुकादम नव्यानं लिहायला घेतला आणि त्यात वर्ष घातलं. तेवढ्या काळात त्यांचा एकही शोधनिबंध आला नाही. आमचे प्रमुख डॉ. श्रीधर सबनीस त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. तेसुद्धा म्हणाले होते, “उज्ज्वला, अगं ही प्लंबिंगची कामं. यात तुझी वर्षं कशाला घालवतेस?”

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. “गडी मरणार हे धरूनच चालायचं, अन्वर. मेला तर त्याचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं, पण उत्तर हातात पडेपर्यंत ते काम झालं असं मानायचं नाही. आणि एकाच कामापायी गड्यामागून गडी मरायला लागले, तर दोष गड्यांचा नसतो. ते काम बाजूला काढायचं, नाहीतर ते एकेक करून सगळ्यांना खाईल. पण बाजूला काढलंय हे झाकून ठेवायचं नाही. ओरडून सांगायचं.”

तेव्हा मला हा सगळा अतिरेक वाटला होता. कामं बहुतेक सुरळीत व्हायची, गडी क्वचित मरायचे. एवढ्याशासाठी एवढा खटाटोप! त्या सकाळी मात्र जुना मुकादम असता तर बेलवंडनं आमचे सगळे गडी गिळले असते आणि खिलारे साहेबांच्या हाती काहीच लागलं नसतं.

नकाशा पूर्ण झाला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सोनांबीचं खोरं उलगडलं. फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत पाण्याच्या छटा, गावांची नावं, रस्ते. खिलारे साहेब उठून पडद्याजवळ गेले. एकेका गावावर बोट ठेवत ते पुटपुटत होते, “हे उठवायचं. हे उठवायचं. हे राहू दे.” बोट एका जागी अडलं. निळ्या नकाशाच्या मधोमध एक पांढराफटक चौकोन होता.

“हे काय?”

“बेलवंड,” मॅडम म्हणाल्या.

“ते दिसतंय. पाणी किती?”

“ते आम्हाला माहीत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, असा भोक पडलेला नकाशा घेऊन मी कलेक्टरांपुढे जाऊ?”

तेवढ्यात सबनीस सर आत आले. त्यांनी नकाशा पाहिला, चौकोन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “आजूबाजूचे तुकडे बघ ना. चारी बाजूंना गुडघ्याच्या खालीच पाणी आहे. मधल्यात काय वेगळं असणार? शेजारच्यांवरून सरासरी भरून टाक. आपण नेहमी करतो.”

सर खोटं सांगत नव्हते. एखादा पर्जन्यमापक बिघडला तर शेजारच्यांवरून आकडा भरतातच, जगभर भरतात. गुडघ्याखाली पाणी म्हणजे गाव उठवायची गरज नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेची छटा आली.

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

“अगं, पण...”

“मापक बिघडला तर भरते मी, श्रीधर. इथं मापक बिघडलेला नाही. सगळीकडे धडपणे काम करणारे गडी याच एका गावात येऊन मरतायत. मरण्यासारखं तिथं काहीतरी आहे. त्यावर मी निळा रंग फासू?”

चारचौघांत त्या त्यांना नेहमी ‘सर’ म्हणत. त्या दिवशी सगळ्यांदेखत ‘श्रीधर’ म्हणाल्या आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मॅडमनी खुर्ची ओढली. मरणाऱ्याला बोलायला सवड मिळत नाही, म्हणून गड्यानं काम करता करताच आपण कुठवर आलो ते सांगत राहायचं, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. मरण्याआधी तिन्ही गडी एकाच जागी घुटमळले होते. गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या तोंडाशी. तिथं पाण्याचा वेग वेड्यासारखा वाढत गेला होता, इतका की आकडाच मावेना. मॅडमनी त्या जागेच्या उंचसखलपणाचं चित्र उघडलं. डाग पडल्यासारखे ओढे, खाचरं, बांध, आणि त्या सगळ्यांना आडवी कापत गेलेली एक उंच रेघ. पट्टीनं मारावी तशी सरळ.

“ही नदीनं काढलेली नाही,” त्या म्हणाल्या. “खिलारे साहेब, बेलवंडला काही बांधकाम चाललंय का?”

साहेब जवळ आले. “नवा पूल होतोय. त्याला जोडरस्ता. उन्हाळ्यात भराव टाकला.”

“आणि भरावातून पाणी जायला मोऱ्या?”

“असणारच की. डिझाइनमध्ये असतात.”

“आहेत का, असं विचारतेय मी.”

साहेबांनी त्या रेघेकडे निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाले, “काम आमच्या खात्याचं नाही.”

माझ्या डोक्यात एक कल्पना आली. “मॅडम, ती रेघ काढून टाकली तर? भराव नव्हता तेव्हाची जमीन आहे आपल्याकडे. ती घातली की गणित लगेच सुटेल.”

“सुटेल,” मॅडम म्हणाल्या. “पण ते गेल्या वर्षीच्या बेलवंडचं उत्तर असेल. माणसं या वर्षीच्या बेलवंडमध्ये राहतायत.” मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, “वेगळी युक्ती करू. हा एकच तुकडा एका मशीनवर घे, आणि त्याला मुंगीच्या पावलानं चालव. वेळेचे अगदी बारीक तुकडे पाडून. मरणार नाही, पण रेंगाळेल.”

मी लावून दिलं. त्याच्या चालीचा अंदाज घेतला तर उत्तर यायला संध्याकाळ होणार होती. दरवाजे दुपारीच उचलायचे होते.

खिलारे साहेब खिडकीपाशी उभे होते. बाहेर आमच्याकडे नुसती भुरभुर होती. पाठमोरेच ते म्हणाले, “मॅडम, गेल्या दोन वर्षांत मी माणसं उठवली आणि पाणी आलंच नाही, असं तीनदा झालंय. लोक शिव्या घालतात. वर्तमानपत्रं लिहितात. म्हातारीकोतारी, बाळंतिणी, जनावरं घेऊन चिखलातून वर चढायचं म्हणजे खेळ नाही. तुम्ही मला पाणी येतंय म्हणा, मी उठवतो. येत नाही म्हणा, ठेवतो. हे मधलंच काय घेऊ मी?”

“मधलंच आहे माझ्याकडे,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “दुसरं असतं तर दिलं असतं.”

मग सबनीस सर टेबलापाशी आले. नकाशाखाली संस्थाप्रमुखाची सही लागायची. त्यांनी खिशातलं पेन काढलं, छापून आलेल्या प्रतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे एकदा पाहिलं, आणि चौकोनाच्या शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘येथील पाणी अज्ञात. पाणी नाही असे समजू नये.’ खाली सही केली.

साहेबांनी तो कागद हातात घेतला, आणि मी आयुष्यात पाहिलेल्या मोठ्या गोष्टींपैकी एक गोष्ट त्यांनी केली. फोन उचलून कलेक्टरांना लावला आणि म्हणाले, “सर, बेलवंडचं गणित होत नाहीये. संस्था म्हणते, माहीत नाही. मी माझ्या जबाबदारीवर गाव उठवायला सांगतोय.” पलीकडून बरंच काही आलं असावं. साहेब नुसतं “हो सर, माझ्या जबाबदारीवर” म्हणत राहिले.

मग बेलवंडच्या सरपंचांना फोन. सुमन कोळेकर नाव. फोन स्पीकरवर होता. मागे पावसाचा आवाज आणि कुठंतरी म्हैस ओरडत होती.

“साहेब, आमच्यात पाणी चढत न्हाई,” सरपंचबाई म्हणाल्या. “माझी सासू नव्वदीची हाय, तिनं कधी बघितलं न्हाई. मागच्या खेपेला उठलो, शाळेत दोन रात्री काढल्या, काय झालं? पोरं आजारी पडली तेवढीच. आता कुणी ऐकायचं न्हाई माझं.”

“बाई, तुम्ही समजून घ्या...” साहेबांचे शब्द संपले. त्यांनी फोन मॅडमकडे सरकवला.

मॅडम फोनच्या जवळ वाकल्या. “सुमनताई, मी पुण्याहून उज्ज्वला देवरुखकर बोलतेय. पाण्याचं गणित आम्ही करतो. मी तुम्हाला पाणी येणार असं सांगत नाहीये.”

“मग?”

“मला माहीत नाही. बाकी सगळ्या गावांचं मी सांगू शकते, तुमच्या गावाचं नाही. तुमच्या गावापाशी आलं की आमचं गणित मोडतंय. पुन्हा पुन्हा मोडतंय. बहुतेक त्या नव्या भरावामुळं. त्याला मोऱ्या आहेत का हो?”

“नळं टाकल्यात दोन. पण तोंडाशी मुरमाचा ढीग हाय अजून. उचलतो, उचलतो म्हणत्यात.”

मॅडमनी डोळे मिटले. “मग ओढ्याचं पाणी जाणार कुठं, ते मला सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत सांगता येईल कदाचित. पण दरवाजे त्याआधी उचलतील.”

पलीकडे नुसता पाऊस. मग बाईंचा आवाज आला, पहिल्यापेक्षा खालच्या पट्टीतला.

“तुमास्नी खरंच माहीत न्हाई?”

“खरंच नाही, ताई.”

“बरं. उठतो आमी.”

आणि फोन ठेवला गेला.

दुपारी दरवाजे उचलले. खिलारे साहेब धरणाकडे निघून गेले होते. आम्ही दोघं त्या एका रेंगाळणाऱ्या गड्यासमोर बसून होतो. मॅडमनी जेवणाचा डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि मिटला. सबनीस सर मधूनमधून दारात येत, पडद्याकडे बघत आणि परत जात. एकदा स्वतःच्या हातानं चहाचे पेले घेऊन आले. तीन पेले होते. म्हणजे तेही बसणार होते.

उन्हं कलायच्या सुमाराला उत्तर आलं. चौकोन भरला, आणि त्यातला निळा इतका गडद होता की गावाचं नाव त्यावर वाचता येईना. भरावाच्या अलीकडे पाणी कोंडत गेलं होतं. खालच्या आळीत घरांच्या आढ्याला लागेल एवढं. सरासरी काढली असती तर आम्ही तिथं गुडघ्याच्या खाली म्हणून लिहिलं असतं. सर पडद्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “प्लंबिंग!” एवढंच. मग मॅडमच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून निघून गेले.

त्यानंतर थोड्याच वेळात साहेबांचा फोन आला. बेलवंडची खालची आळी पाण्यात होती. मग भराव मध्येच फुटला आणि कोंडलेलं पाणी घरांच्या भिंती घेऊन गेलं. दोन म्हशी गेल्या. दावं सोडायला गेलेला एकजण गळ्याइतक्या पाण्यातून परत आला. बाकी सगळं गाव वरच्या शाळेत होतं. “सगळं,” साहेब पुन्हा म्हणाले. “त्या बाईनं नव्वदीच्या सासूला पाठीवर घेतलं आणि स्वतः पुढं चालली. तिला बघून बाकीचे निघाले.” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं, भरावाचं ऐकून बाईंना धोका कळला. मुरमाचा ढीग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला असणार. कित्येक दिवस मी तसंच धरून चाललो होतो.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी सुमन कोळेकर संस्थेत आल्या. घरांच्या भरपाईसाठी पुण्यात कुठल्याशा कार्यालयात आल्या होत्या, तिथून पत्ता विचारत विचारत इथवर. चाळिशीच्या असतील. उंच, सडपातळ, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी शेंगा काढून मॅडमच्या टेबलावर ओतल्या. मॅडम त्यांना मशीनांच्या गार खोलीत घेऊन गेल्या, ती दाखवली, गडी आणि मुकादम समजावून सांगितले. सुमनताईंनी सगळं मन लावून ऐकलं.

“म्हंजे ह्यातले तीन आमच्या गावात गेले,” त्या म्हणाल्या.

“तीन गेले. चौथा सावकाश चालला, तो वाचला.”

सुमनताई हसल्या. मग बाहेर येऊन बसल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “एक सांगायचं हुतं, म्हणून आले. दर साली कुणीतरी फोन करतंय. पाणी येणार, उठा. आमी उठतो, पाणी येत न्हाई. त्या दिवशी तुमीपण पाणी येणार म्हणाला असता, तर मी व्हय म्हणून फोन ठेवला असता आन् चुलीपुढं बसले असते.”

“मग भरावाचं ऐकून उठलात ना?” मी मध्येच विचारलं.

“भराव तर मी रोजच बघत हुते की! त्याचं काय!” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. “न्हाई ओ. ह्या ‘माहीत न्हाई’ म्हणाल्या. सरकारी माणूस मला कधी ‘माहीत न्हाई’ म्हणालं न्हाई आजवर. पुण्याच्या एवढ्या मोठ्या हापिसातली बाई सांगतीया, मला कळंना झालंय. म्हटलं, आता ह्यांनाबी कळंना झालंय तर आपण कशाला बसायचं? लई भ्या वाटलं मला.”

मॅडम एक शेंग हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ती फोडली नाही, तशीच फिरवत राहिल्या. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्न त्या करत नव्हत्या.

“मलाही भीती वाटली होती,” त्या म्हणाल्या.